पळणारी, पण न पळवलेली

जुनी गाडी विकणारा माणूस थोडंफार खोटं बोलतो, हे आपण गृहीतच धरतो. पण जुनी वेगवान गाडी विकणाऱ्यावर एक जास्तीचं ओझं असतं. त्याला एकाच दमात दोन गोष्टी पटवून द्याव्या लागतात. पहिली, ही गाडी वाऱ्यासारखी पळते. दुसरी, ती आजवर कुणी पळवलेली नाही. कुठलीही जाहिरात काढून बघा. पहिल्या ओळीत ‘टर्बो पेट्रोल, रॉकेट पिकअप, शून्य ते शंभर दहा सेकंदांच्या आत’ असतं आणि दुसऱ्या ओळीत ‘सिंगल ओनर, घरगुती वापर, कायम ऐंशीच्या आत चालवलेली.’ मग ते दहा सेकंद मोजले कुणी, हे विचारायचं नसतं. मिक्सर विकताना ‘यात कधी काही वाटलं नाही’ असं कुणी सांगत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र ते गुणांत धरतात.

घेणाराही कमी नसतो. त्याला दोनशेपर्यंत जाणारी गाडी हवी असते, पण ती आधी एखाद्या निवृत्त मुख्याध्यापकांनी फक्त चतुर्थीला गणपतीला नेलेली असावी. गाडी घरी नेल्यावर पहिल्याच रविवारी तो तिचं जे करणार असतो, तेच आधीच्या मालकानं केलं असेल तर तो तीस हजार कमी करायला सांगतो. रास्त भावाची सगळी घासाघीस या दोन ढोंगांच्या मधल्या पट्टीत चालते.

या पट्टीत मी ओढला गेलो तो आमच्या भाच्यामुळे. मी जनरल इन्शुरन्समध्ये मोटार क्लेमच्या टेबलावरून निवृत्त झालो. ठोकलेल्या गाड्यांची किंमत काढण्यात उभी नोकरी गेली. त्यामुळे धड असलेल्या गाडीची किंमत मला चुटकीसरशी काढता येईल, असा आमच्या ताईचा समज. ताईला खरं तर किमतीशी कर्तव्य नव्हतं. ‘भंगारात दे, पण तो सायलेन्सर घरातून जाऊ दे,’ एवढंच तिचं म्हणणं. त्यांच्या वाकडच्या सोसायटीचंही तेच. गाडीचा भाव जितका कमी, तितकी ती लवकर जाईल, हे ओळखून सोसायटीचे चेअरमन जिन्यात भेटले की मला आवर्जून सांगायचे, ‘मार्केट डाउन आहे हो सध्या.’

गाडी म्हणजे फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. चाकणच्या कारखान्यात बनलेली, २०१७ ची, एमएच चौदाची पासिंग, बासष्ट हजार किलोमीटर. हे मॉडेल २०१३ मध्ये बाजारात आलं तेव्हा त्याची एक्स-शोरूम किंमत आठ लाखांच्या उंबरठ्यावर होती. त्या पैशात बाराशे सीसीचं टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती आणि सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळायचा. त्याच पैशात इतर कंपन्या अख्खी सेदान द्यायच्या, तीत मागची मंडळी पाय पसरून बसायची. पोलोच्या मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून बसावं लागतं. म्हणजे ज्यानं ही गाडी घेतली, त्यानं ती हिशेब करून घेतली नव्हती हे उघड आहे. विकताना तो हिशेब करेल, ही अपेक्षा तरी कशी करायची?

पण भाच्यानं हिशेब केला होता, तोही एक्सेलमध्ये. गाडी रस्त्यावर आली तेव्हाचे अकरा लाख. त्यात रोड टॅक्स आणि पहिल्या वर्षाचा विमा आलाच. त्याखाली ‘इन्व्हेस्टमेंट’ असं शीर्षक. रीमॅप चाळीस हजार, डाउनपाइप आणि एक्झॉस्ट पंचाहत्तर हजार, इनटेक फिल्टर पंधरा, लोअरिंग स्प्रिंग पंचेचाळीस, साउंड सिस्टिम ऐंशी, सिरॅमिक कोटिंग पंचवीस. बेरीज तेरा लाख ऐंशी हजार. त्यातून आठ वर्षांच्या वापराचे म्हणून उदार मनानं पाच लाख वजा. राहिले आठ लाख ऐंशी, आणि ‘घासाघीसीला जागा हवी ना मामा,’ म्हणून वर वीस. एकूण नऊ लाख.

‘हे इन्व्हेस्टमेंट कुणासाठी केलंस?’ मी विचारलं.

‘गाडीसाठी.’

जुन्या गाडीच्या बाजाराचं गणित शाळेत शिकवलेल्या गणितासारखं चालत नाही. तिथे काही बेरजा वजा होतात. रीमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली कंपनीची फाइल पुसून जास्त ताकदीची फाइल भरणं. भाच्याच्या लेखी त्याची किंमत चाळीस हजार. घेणाऱ्याच्या लेखी तो कबुलीजबाब. ज्यानं ताकद वाढवून घेतली त्यानं ती वापरलीही असणार, टर्बोवर आणि क्लचवर ताण आलाच असणार. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत कंपनीच्या मूळ नोंदीला सोडून बदल करू देत नाही. क्लेमच्या टेबलावर असा बदललेला पाइप दिसला की आमचा सर्व्हेअर चष्मा पुसायला घ्यायचा. लोअरिंग स्प्रिंगनं गाडी तीन बोटं खाली बसते आणि पुण्यातल्या प्रत्येक स्पीडब्रेकरशी तिची वैयक्तिक ओळख होते. गिऱ्हाईक वाकून खालचे ओरखडे बघतं आणि उठताना पन्नास हजार कमी करून उठतं. चाळीस अधिक पंचेचाळीस बरोबर वजा एक लाख, असं ते गणित आहे.

‘कंपनीचे मूळ पार्ट कुठे आहेत?’

ते ताईच्या माळ्यावर निघाले, गौरीच्या मुखवट्यांच्या खोक्यामागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. ही गोष्ट मात्र त्यानं शहाणपणाची केली होती. वेगवान गाडी ठेवणाऱ्या पोरांत एवढं शहाणपण असतंच. सगळं मूळचं परत बसवलं, कॉम्प्युटरात कंपनीची फाइल टाकून घेतली आणि काढलेलं सामान माळ्यावर गेलं. गौरीसमोर दोन स्प्रिंगा आणि एक सायलेन्सर अशी नवी मांडणी झाली. रीमॅप होता हे गिऱ्हाइकाला सांगायचं, असं मी बजावलं. ‘विचारलं तर सांगेन,’ तो म्हणाला. त्या ‘तर’वर या देशातला निम्मा जुना बाजार उभा आहे.

मग मी माझं जुनं शस्त्र काढलं. विम्यात गाडीची आयडीव्ही नावाची किंमत असते. गाडी चोरीला गेली किंवा पार चुराडा झाली, तर कंपनी तेवढे पैसे देते. तिचा तक्ता आम्हाला झोपेतही पाठ असायचा. गाडी सहा महिन्यांची होईपर्यंत पाच टक्के घसारा, वर्षाची होईपर्यंत पंधरा, मग दरवर्षी वीस, तीस, चाळीस आणि पाच वर्षांच्या आत पन्नास. पाचव्या वर्षानंतर तक्ता संपतो. पुढची किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायची. तक्ता करणाऱ्यांनीही पाच वर्षांनंतर हात टेकले आणि घासाघीस चालू दे म्हणाले, यातच सगळं आलं. हा तक्ता फार निर्दय आहे आणि फार अडाणीही. त्याला डीएसजी कळत नाही, टर्बो कळत नाही. देवाघरच्या न्यायानं तो अल्टोला आणि पोर्शेला एकच टक्केवारी लावतो.

मालक मंडळींचं या आयडीव्हीशी नातं मोसमी असतं. विमा उतरवताना ती जास्त हवी असते. हप्ता भरताना कमी चालते. गाडी ठोकली की ती जास्त होती असं आठवतं. गाडी विकायची वेळ आली की पॉलिसी सापडत नाही. भाच्याची पॉलिसी मोबाइलमध्ये होती, तरी सापडत नव्हती. सापडली तेव्हा त्यावर पाच लाख दहा हजार लिहिलेले होते. ‘हे इन्शुरन्सवाल्यांचं काही खरं नसतं,’ असं तो निवृत्त इन्शुरन्सवाल्याकडे बघून म्हणाला. ‘पन्नास टक्के नो क्लेम बोनस आहे, तो तरी गाडीबरोबर धरशील?’ त्यालाही मी नाही म्हटलं. तो बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो. गाडी गेली तरी तो याच्याकडेच राहणार. हे ऐकून त्याला आनंद व्हायला हवा होता, पण एक्सेलमधली एक ओळ गेल्याचं दुःख मोठं होतं.

यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही. रिचर्ड थेलर आणि डॅनियल कानमन वगैरे मंडळींनी यावर अमेरिकेत प्रयोग करून ठेवलेत. वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे मग वाटले आणि विकायला सांगितलं. ज्यांच्या हातात मग आले, त्यांना ते पडल्या पडल्या मौल्यवान वाटू लागले. घेणारे देऊ करत होते त्याच्या दुपटीहून जास्त किंमत ते मागू लागले. हा निबंध १९९० चा. पुढे कानमन आणि थेलर या दोघांनाही अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आता बघा, काही मिनिटं हातात धरलेल्या मगाची ही गत. मग ज्या गाडीत बसून भाच्यानं पहिली नोकरी धरली, दुसरी सोडली, आणि जिच्या मागच्या सीटवर एकदाच बसून एका मुलीनं लग्नाला नकार दिला (गुडघ्यांमुळे, असं त्याचं म्हणणं), त्या गाडीचं काय होत असेल?

म्हणून मी प्रश्न उलटा केला. ‘समज, हीच गाडी तुझ्या मित्राची आहे. हेच किलोमीटर, हेच वर्ष, रीमॅप करून काढलेला. तुला घ्यायचीय. किती देशील?’

‘पाच,’ तो एका क्षणात म्हणाला. ‘साडेपाचच्या वर एक रुपया नाही. रीमॅप केलेल्या गाडीला कोण हात लावतो मामा!’

रास्त भाव काढायची याहून जलद पद्धत मला माहीत नाही. अडचण एवढीच की उत्तर द्यायचा क्षण उलटला की माणूस लगेच परत मालक होतो.

झालंही तसंच. ‘पण मार्केटला बघ ना,’ म्हणत त्यानं मोबाइलवर जाहिरातींची रांग लावली. सात लाख नव्वद, आठ लाख पंचवीस, एक महाभाग नऊ लाख चाळीस. जाहिरातीतला भाव हा मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे, हे सगळ्यांना कळतं, पण स्वतःची गाडी विकायची असली की वळत नाही. शिवाय त्या रांगेत आणखी एक गंमत आहे. ज्यांनी बरोबर किंमत लावली त्यांच्या गाड्या आठवड्याभरात विकल्या जातात आणि जाहिरात खाली उतरते. जे उरतात ते चुकलेले. म्हणजे आपण ज्याला मार्केट म्हणून बघतो ते न विकल्या गेलेल्या किमतींचं संग्रहालय असतं. तो नऊ लाख चाळीसवाला तिथे दिवाळीपासून होता. त्याच्या फोटोतल्या दारावर झेंडूचं तोरण अजून ताजं होतं.

मार्केट तरी कुठे एका जागी उभं राहतं! २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, वरचा सेसही गेला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीला खाली सरकावंच लागतं. भाच्याची गाडी त्या दिवशी पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी होती. किलोमीटर वाढले नाहीत, ओरखडा पडला नाही, तरी तिची किंमत उतरली. ‘ही पोलो तर आता मिळतच नाही, मग हिचा आणि नव्या गाड्यांचा काय संबंध?’ तो म्हणाला. गिऱ्हाइकाच्या खिशाचा संबंध आहे, एवढंच मी म्हटलं.

यातून त्याचा शेवटचा आणि सर्वांत जिवट मुद्दा निघाला. ‘रेअर आहे मामा. कंपनीनं २०२२ ला पोलो बंद केली. शेवटी सातशे गाड्यांची लेजंड एडिशन काढली, सव्वादहा लाखांना.’

‘तुझी लेजंड आहे?’

‘नाही. पण लेजंडच्या आधीची आहे.’

दुर्मीळपणाबद्दल गाडीवाल्यांशी वाद घालू नये, तरी मी घातला. गाडी दोन कारणांनी दुर्मीळ होते. एकतर हवी असणारे पुष्कळ आणि गाड्या थोड्या. २०२० मध्ये स्कोडानं ऑक्टाव्हिया व्हीआरएस २४५ च्या दोनशेच गाड्या आणल्या, छत्तीस लाखांना, आणि त्या हातोहात संपल्या. असं असेल तर जुन्या गाडीला ऐट मिरवता येते. दुसरं कारण जास्त प्रचलित आहे. ती कुणाला नकोच होती. आपल्या रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ मध्ये फियाटची अबार्थ पुंटो बाहेर पडली. १४५ अश्वशक्ती, दहा लाखांच्या आत. एवढ्या पैशात एवढी ताकद तेव्हा दुसरीकडे मिळत नव्हती. चार लोकांनी कौतुक केलं, तिघांनी विकत घेतली नाही. आज तीच गाडी रस्त्यात दिसली की पोरं सिग्नल सुटला तरी फोटो काढत उभी राहतात. २०१६ मध्ये पोलोचीच मोठी बहीण जीटीआय आली, दोन दारांची, १९२ अश्वशक्तीची, सव्वीस लाखांच्या आसपास. वर्षभरात कंपनीनंच किंमत वीसच्या घरात आणली. पहिल्या दिवशी घेतलेल्यांनी गाडी सोसायटीच्या गेटबाहेर काढायच्या आत सहा लाख गमावले, तेही स्वतः काही न करता. अशा माणसाला रास्त भाव विचारायला जाऊ नये. त्याच्या घरी आधी सांत्वनाला जावं लागतं.

आणि पार्ट मिळत नाहीत हे दुर्मीळपणाचंच दुसरं टोक आहे, हे विकणारा कधी सांगत नाही. बंपरसाठी चार महिने थांबलेला माणूस गाडीला रेअर म्हणत नाही, तो वेगळे शब्द वापरतो.

आधीचा मालक कोण यानं किंमत वाढते, हे मात्र मान्य करायला हवं. त्यासाठी तो मालक सचिन तेंडुलकर असावा लागतो. ब्रॅडमनच्या एकोणतीस शतकांशी बरोबरी केल्याबद्दल सचिनला मिळालेली लाल फेरारी ३६० मोडेना आधी आयात शुल्काच्या वादात गाजली आणि २०११ मध्ये सुरतेच्या एका उद्योजकाकडे गेली. तिथून पुढे ती मूळ फेरारीपेक्षा ‘सचिनची फेरारी’ म्हणूनच ओळखली जाते. त्याहून भारी गोष्ट ‘बुलिट’ सिनेमातल्या मस्टँगची. स्टीव्ह मॅक्वीननं सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर पळवलेली ती गाडी १९७४ मध्ये एका गृहस्थानं सहा हजार डॉलरला घेतली. मॅक्वीननं पुढे १९७७ मध्ये पत्र लिहून ती परत मागितली, तर या गृहस्थानं उत्तरच दिलं नाही. त्याची बायको शिक्षिका होती, ती त्या मस्टँगमधून शाळेत जायची. २०२० मध्ये गाडीचा लिलाव झाला तो चौतीस लाख डॉलरला, वर लिलावाची फी वेगळी. ‘लेडी ड्रिव्हन, शाळेत जाण्यायेण्यापुरती वापरलेली’ ही जाहिरात जगात एकदा तरी शब्दशः खरी होती, हे वाचून मला फार बरं वाटलं.

या उंचीवर गेलं की नियम पुन्हा उलटतात. २०१८ मध्ये एक फेरारी २५० जीटीओ चार कोटी चौऱ्याऐंशी लाख डॉलरला विकली गेली. ती १९६२ मध्ये शर्यतींत धो धो पळवलेली, अजिंक्यपद जिंकलेली गाडी. तिथे ‘कधी ऐंशीच्या वर नेली नाही’ असं सांगितलं असतं तर लिलावकर्त्यानं हाकलून दिलं असतं. म्हणजे जरा जास्त पळवलेल्या गाडीची किंमत पडते आणि फारच जास्त पळवलेल्या गाडीची वाढते. भाचा कुठेतरी मधे अडकला होता.

शेवटी सहा लाख चाळीस हजार लिहून जाहिरात गेली आणि माणसं येऊ लागली.

पहिली खेप कॉलेजच्या पोरांची. ती गाडी घ्यायला येत नाहीत, टेस्ट ड्राइव्हला येतात. एक चालवतो, दुसरा शूटिंग करतो, तिसरा ‘घरी विचारून कळवतो’ म्हणतो. मग एक डीलर आला. त्यानं गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, एक सुस्कारा सोडला आणि चार लाख दहा हजारांवर आला. रोख, आत्ता, तिथेच. त्याला गाडी तयार करायची, उभी ठेवायची, त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी भरायचा. त्याचंही चूक नव्हतं. पण त्याचा तो सुस्कारा भाच्याला लागला. तो दोन दिवस जेवताना गप्प होता. एक सज्जन पत्नीसह आले, गाडी आवडली, सगळं आवडलं आणि शेवटी विचारते झाले, ‘किती देते?’ कंपनीच्या कागदावर लिटरला सतरा आहे. भाच्यानं खरं उत्तर दिलं, ‘पायावर आहे.’ बाईंनी यजमानांच्या पायाकडे बघितलं आणि ती बोलणी संपली.

अर्थशास्त्रात या बाजाराची चिरफाड जॉर्ज अ‍ॅकरलॉफनं १९७० मध्येच करून ठेवलीय. गाडीत काय दडलंय ते विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा प्रत्येक गाडी सरासरीच असेल असं धरून किंमत लावतो, त्या किमतीत चांगल्या गाडीचा मालक विकायला नाखूश, आणि बाजारात वाईट गाड्याच उरतात. हा निबंध आधी तीन नियतकालिकांनी परत पाठवला होता. चौथ्या गिऱ्हाइकानं घेतला. पुढे त्यालाही नोबेल मिळालं. एकूण जुन्या मालाच्या अभ्यासाला नोबेलवाल्यांकडे चांगला भाव आहे.

अ‍ॅकरलॉफच्या या कोंडीवरचा उतारा आमच्याकडे एका रविवारी कोल्हापूरहून आला. शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप असलेला पस्तिशीचा गडी, बरोबर एक मिस्त्री. कोल्हापूरच्या लोकांना गाड्यांचं वेड आहे. तिथे मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंगचा ट्रॅक आहे आणि तिथली पोरं देशभरच्या शर्यतींत उतरतात. या गड्याला टर्बो समजावून सांगायची गरज नव्हती. त्यानं चहा घेतला, ताईची चौकशी केली आणि खाली आल्यावर गाडीकडे न बघता टायरपाशी उकिडवा बसला. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे.

‘मागचे दोन टायर मूळचे,’ तो म्हणाला. ‘पुढचे बावीसचे. भावा, ऐंशीच्या आत चालवली तर पुढचे टायर एवढ्यात संपत न्हाईत.’

‘पुण्यातले रस्ते...’ भाचा म्हणाला.

‘व्हय. रस्ते मागच्या टायरखालनंबी जात असतील की.’

मिस्त्री एव्हाना गाडीखाली गेला होता. तिथून ‘स्प्रिंगा नव्यानं बसवल्यात, नट चकाकतंय’ असा आवाज आला. पेंटची जाडी मोजायचं यंत्रही त्यांनी आणलं होतं. कंपनीचा मूळ रंग शंभर-दीडशे मायक्रॉनच्या आसपास भरतो, खाली पुटी असेल तर आकडा कैक पटींनी उडी मारतो. आकडे नीट आले. स्कॅनर लावला, गिअरबॉक्सचं तापमान बघितलं. मग त्यानं काचेखालचा चासी नंबर वाचला, मोबाइल काढला आणि महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलनाच्या पानावर गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे चार आकडे टाकले.

कंपनी मेंटेन्ड गाडीचा एक सर्व्हिस रेकॉर्ड शोरूममध्ये असतो. दुसरा, जास्त प्रामाणिक, पोलिसांकडे असतो. एक नो पार्किंग, पाचशे. दोन अतिवेगाची, दोन-दोन हजारांची. ठिकाण मुंबई-पुणे एक्सप्रेसवे. फोटोसकट. १३८.

शांतता पसरली. भाच्यानं माझ्याकडे बघितलं.

‘त्या दिवशी मामा चालवत होता,’ तो म्हणाला.

मला मागून येणारे ट्रकवाले हॉर्न वाजवून पुढे जायला सांगतात, इतका मी सावकाश चालवतो. कोल्हापूरकरानं माझ्या टकलावरून चपलेपर्यंत नजर फिरवली. त्याचा विश्वास बसला नाही, पण त्यानं माझा मान राखला. ‘काका चालवत्यात मग झ्याक,’ म्हणाला. आणि फोटो मोठा करून मिस्त्रीला दाखवला. ‘बघ. १३८ ला गाडी लेनच्या मधोमध हाय. दोन्ही हात स्टेअरिंगवर. पट्टा लावलाय. अलाइनमेंट एक नंबर.’

त्या क्षणी जो फरक पडला तो मी नोकरीत कधी बघितला नव्हता. भाच्याचा चेहरा सैल झाला. आता लपवायला काही उरलं नाही म्हटल्यावर त्यानं रीमॅप सांगितला, डाउनपाइप सांगितला, कुठल्या गॅरेजला केला ते सांगितलं. ऑइल दर सात हजारांना बदलल्याच्या पावत्या काढल्या आणि दुसरी चावी, जी आधी ‘गावाला आहे’ असं सांगत होता, खिशातूनच काढली. दोघं बॉनेटवर वाकून टर्बोच्या शिटीच्या आवाजावर बोलत बसले. अ‍ॅकरलॉफ ज्या दडवादडवीबद्दल बोलला होता, ती पोलिसांच्या कॅमेऱ्यानं साडेचार हजारात संपवली होती. मला तिथे काही काम उरलं नव्हतं. मिस्त्री मला म्हणाला, ‘काका, चहा मिळंल का अजून?’

भाव व्हायला वीस मिनिटं लागली. तो पाच वीस म्हणाला, भाचा सहावर अडला, मग पाच पंच्याऐंशी, पाच चाळीस. चलनं भाच्यानं भरायची, टाकी फुल करून द्यायची, आणि पाच साठ. भाच्याच्या मित्राची गाडी असती तर त्यानं साडेपाच दिले असते, तेवढ्यालाच जवळपास. हात मिळवून झाल्यावर कोल्हापूरकरानं विचारलं, ‘काढल्यालं सामान कुठाय?’

‘कसलं सामान?’

‘भावा, स्प्रिंगा नव्यानं बसवल्यात म्हंजे जुन्या... न्हाई, म्हंजे नव्या कुठंतरी असणारच की.’

सामान माळ्यावरून खाली आलं. एक्झॉस्ट, डाउनपाइप, स्प्रिंगा, सगळं मिळून पन्नास हजारांना गेलं आणि डिकीत बसलं. ताईनं गौरीचे मुखवटे पुसून जागेवर ठेवले. गेटवर चेअरमन उभे होते. त्यांनी स्वतः बॅरिअर वर केला.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या होत्या. कायद्यानं विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत. तोवर गाडी कागदावर भाच्याचीच. त्याची प्रचीती फार लांबली नाही. भाच्याच्या मोबाइलवर पोलिसांचा मेसेज आला. त्यानं लिंक उघडली. ठिकाण साताऱ्याच्या पुढे कुठेतरी, अतिवेग, दोन हजार.

मी कोल्हापूरला फोन लावायला लावला. हे दोन हजार तुम्ही भरायला हवेत, असं भाच्यानं नम्रपणे सांगितलं. पलीकडचा गडी बिनघोर हसला.

‘भावा, मी काय क्येलं न्हाई. पळायची हिला सवयच हाय, तुमीच लावलीया.’

मग हजार-हजार वाटून घ्यायचं ठरलं. फोन ठेवल्यावर भाचा कितीतरी वेळ तो फोटो चिमटीनं मोठा-लहान करत बसला.

‘मामा, १४१,’ तो म्हणाला. ‘आणि अजून डाउनपाइप डिकीतच आहे.’